आंदणाचं कपाट आणि तिसरा नियम

२ मे
केनवडला पोचलो. हैदराबादहून रातभर उभ्यानं. निकीच्या लग्नात आपल्याला एकच काम, पण मोठं. मंगरूळपीरच्या मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा. नवरीचा सख्खा भाऊ मी एकटाच, मान माझाच. गतीचा तिसरा नियम सांगतो, क्रियेएवढीच प्रतिक्रिया. जितक्या जोरात पिळीन, तितकी भारी भेट. मोबाईल मागणार. बोटांचा व्यायाम आजपासून सुरू.

नियम आमच्या पॅकर्स-मूव्हर्सच्या गोविंदसिंग सुपरवायझरनं शिकवले. शाळेत ते सातवीच्या पुढं असावेत. मी तिथवर गेलो नाही.

३ मे, सकाळी
निकीच्या आंदणाचं लोखंडी कपाट आलं. आरशाचं. बाबांनी गल्लीतली माणसं बोलावली, मी परत पाठवली. हैदराबादेत आम्ही फ्रिज चौथ्या मजल्यावर चढवतो. (मी खाली दोरी धरतो. पण लक्ष असतं.) बाबा म्हणाले, आडवं करून ने. मी म्हणालो, घर्षण वाढते. बाबा म्हणाले, "घर्षण गेलं चुलीत. आरसा फुटला तं पाह्यतो मंग तुले."

दुपारी
उंबरठ्याला साबण घासला. कपाट उभंच ठेवलं, अंगणातून धावत येऊन धक्का दिला. पहिला नियम शंभर टक्के खरा. गतीतली वस्तू गतीतच राहते. फक्त मधे चौकट आली. कपाट तिथं बाटलीच्या बुचासारखं बसलं, तोंड अंगणाकडं. घराला दार एकच. आई आत, आम्ही बाहेर. आरसा शाबूत, पण त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही.

कपाटातून आईचा आवाज आला, "धन्या, मले काहून कोंडलं रे?" मी म्हणालो, थांब, आमी विचार करून राह्यलो.

संध्याकाळी
आईनं आतून ढकललं, मी बाहेरून. कपाट हललं नाही. दोन्ही बलं समान, सिद्ध झालं. चुलतभाऊ शिवम म्हणाला, "अबे, तुमी एकमेकाईकडंच ढकलून राह्यले ना!" जळतो. त्याला कान पिळायला मिळणार नाही ना.

४ मे
बाबांनी कपाट उघडून फळ्या काढल्या, छिन्नीनं मागचा पत्रा कापला. आई कपाटातून बाहेर आली. पहिलं वाक्य माझ्याबद्दल होतं, लिहीत नाही. आता घराला आरशाचं दार आहे, कुलपासकट. मी तर म्हणतो, सोय झाली.

५ मे
नवरदेवाकडचे टिळ्याला आले. एकेक करून कपाटातून आत. नवरदेवाची आत्या धनीबाई कपाटातच थांबली. म्हणाली, "सोजरबाई, तुमच्या इकडं असंच रायते काय?" आई म्हणाली, "पोरगं हैदराबादेत शिकून आलं." बरं वाटलं.

निकी मात्र रडत होती, आंदण माहं अन् अडकलं तुमच्या दारात. बाबांनी शब्द दिला, लग्न उरकलं की चौकट तोडून पोचवतो. आईनं चावी तिच्या कमरेला बांधली. आंदणाची चावी नवरीपाशीच पाहिजे म्हणे.

६ मे, लग्न. सकाळी
वऱ्हाड गाडीत बसून राह्यलं. मी शिवमची मोटरसायकल ठेवून घेतली. वजन कमी, वेग जास्त, तुमच्या आधी मांडवात. बाबा म्हणाले, "लवकर ये बाप्पा. कान पिळाले तूच पायजे." आता दाढी.

थोड्या वेळानं
सफारी घातला, सेंट मारला. कपाट उघडेना. घर उघडं नको म्हणून निकीनं जाताना बाहेरून कुलूप लावलं दिसते. मोटरसायकल मागच्या गल्लीत, म्हणून मी आधीच निघालो असं वाटलं असेल. मी तसं सगळ्यांना सांगतच फिरत होतो. खिडकीला गज. सारी गल्ली वऱ्हाडात.

घाबरायचं कारण नाही. कपाटात उभं राहून दाराला जोर लावला. दार जागीच. मीच मागं घसरत चुलीपर्यंत गेलो. तिसरा नियम. शिवाय साबण.

बाबांना फोन केला. ते ओरडले, "कोन? बँड चालू हाय, मंग करा!"

दुपारी
पुन्हा जोर. पुन्हा चूल. सफारीला राख.

शिवमनं फोटो पाठवला. नवरदेवाचा कान, शिवमची बोटं. पिळलाही नाही नीट, नुसता धरला. खाली लिहिलं होतं, "नव्या मोबाईलवरून पाठवून राह्यलो. मुहूर्त टळत होता, म्हून मीच धरला. तू हायेस कुठं बे?"

उत्तर पाठवलं, "कपाटात."