मंगळवार आणि शनिवारचे पाणी

मी, नोर्देन लेपचा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कालिम्पोंगच्या खालच्या उतारावर, धंदा रोपवाटिका, हे माझ्या मागे राहणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, आणि दडपण कोणाचेही नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून "आजोबा, कागदपत्रं उरकून घ्या" असे सांगितले, त्याला दडपण म्हणत नसतील तर. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. राहते घर आणि पोस्टातली ठेव मुलगा थेंदुप याला. छप्पर उत्तरेच्या कोपऱ्यात गळते, ते त्याने पावसाआधी बघावे. गुणी मुलगा आहे. फक्त एकदा मला म्हणाला, "आबो, काचघर पाडून तिथं पाहुण्यांसाठी चार खोल्या काढू. फुलांना आता कोण विचारतं?"  उत्तर कलम पाचमध्ये दिले आहे.

दोन. लोकरी कोट शेजारी मणिकुमार छेत्री यांना. गेली दोन वर्षे तो त्यांच्याकडेच आहे, म्हणजे नुसते नाव बदलायचे.

तीन. माझी बारीक चाळण चुलतभाऊ आगेन याला. मला दाजू, म्हणजे दादा, म्हणणारा हा गृहस्थ ऑर्किड नारळाच्या भुशात लावतो आणि "नोर्देनदाजूची माती आजोबांच्या जमान्यातली" असे बाजारभर सांगत फिरतो. त्याने निदान भुसा तरी चाळावा. धूळ कुंडीच्या तळाशी बसली की मुळे गुदमरतात, हे त्याला मी तोंडाने सांगून थकलो.

चार. चपलेच्या आकाराच्या फुलांची झाडे, एकूण चौतीस कुंड्या. यांना माती द्यायची नाही. ओकची कुजलेली पाने चार वाट्या, झाडनेच्याच्या, म्हणजे झाडाएवढ्या वाढणाऱ्या फर्नच्या, मुळांचे तुकडे दोन वाट्या, लाकडी कोळशाचा चुरा एक वाटी, तळाला विटांचे खडे. मिशीवाला पुन्हा इथे आला तर त्याला, म्हणजे जांभळ्या रेघांच्या त्या लहान फुलाला, वर मूठभर चुनखडीची कच, कारण तो मूळचा चुनखडीच्या कड्यावरचा. पाणी झऱ्याचे किंवा पावसाचे, नळाचे नाही. वेळ सकाळी दहाच्या आत, म्हणजे दुपारपर्यंत पाने सुकतात. पानांच्या मधल्या पेल्यात थेंबही साचू देऊ नये. इतर ऑर्किडांसारखे पाणी साठवायचे कंद यांना नाहीत, म्हणून कोरडी ठेवली तर मरतात आणि भिजत ठेवली तर कुजतात. पाणी ~~दर मंगळवारी आणि शनिवारी~~ घालावे. माझ्या वडिलांचा हाच नेम होता.

पाच. काचघर, त्याखालची जमीन, चौतीस कुंड्या, कात्री आणि किल्ली सून निमकित हिला, तिच्या एकटीच्या नावे. थेंदुपने ते पाडू नये, विकू नये, आणि बायकोशी गोड बोलून सहीही घेऊ नये.

याचे कारण लिहिणे मला भाग आहे. नऊ वर्षांपूर्वी नोव्हेंबरात माझी पत्नी डोमा गेली. आमच्याकडे दुखवटा एकोणपन्नास दिवसांचा, तेवढे दिवस घरात लामा, पाहुणे, दिवे, चहा. मला त्या माणसांत बसवेना. डोमा रोज संध्याकाळी काचघरात एक फेरी मारायची, म्हणून तिची पितळी लोटी घेऊन मी तिकडे जाऊ लागलो. नुसते उभे राहवत नसे. मी पाणी घालायचो. थंडीत, तिन्हीसांजेला, रोज, पानांवरून. चाळीस वर्षे ज्यासाठी दुसऱ्यांना ओरडलो तेच केले. तिच्याशी बोलल्यासारखे वाटायचे.

सकाळचे पाणी त्या दिवसांत निमकितकडे होते. पन्नासाव्या दिवशी मिशीवाल्याची सगळी झाडे हातात आली, देठ नुसते बोटाने ओढले की सुटत होते. सगळे नातेवाईक उभे होते. मी म्हणालो, "हिच्या हातात लोटी दिली आणि डोमाची झाडं हिनं बुडवून मारली."

ती एवढेच म्हणाली, "आबो, मी हात लावायच्या आधीच कुंड्या जड असायच्या. मी तर महिनाभर पाणीच घातलेलं नाही."

"चूप," मी म्हणालो, आणि किल्ली काढून घेतली. ती माझ्याकडे बघत राहिली तेव्हाच मला कळले की तिला सगळे ठाऊक आहे. तिने ते कोणालाही सांगितले नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. त्या वसंतात दोघे वरच्या बाजारात राहायला गेले.

दोष माझा होता. तिचा काडीचाही नव्हता. मला तो तेव्हाही माहीत होता.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे चहाला गेलो. खिडकीत दूध पावडरच्या डब्यात मिशीवाला फुललेला होता, सात फुले. उकिरड्यावर मी फेकलेल्या ढिगातून तिने एक जिवंत कोंब वेचून नेला होता. मी विचारले, "किती दिवसांनी पाणी घालतेस?" ती म्हणाली, "दिवस कोण मोजतंय? उचलून बघते." मी डबा उचलला. वजन नेमके होते. मी तो खाली ठेवला, चहा प्यायलो आणि घरी आलो. माफी मागायची राहून गेली, ती इथे मागतो.

सहा. मी गेल्यावर लोक येतील, हळहळतील, आणि हाताला काम हवे म्हणून कोणीतरी झारी उचलेल. एकोणपन्नास दिवस निमकितखेरीज कोणीही काचघरात जाऊ नये.

निमकितला लाभ मिळत असल्याने तिची सही साक्षीदार म्हणून चालत नाही, असे वकिलांनी सांगितले. तरी सहीआधी मी तिला बोलावून हा कागद वाचायला दिला. कलम पाचशी आली तेव्हा तिने डोळे पुसले. मग मागे जाऊन कलम चारवर बोट ठेवले.

"आबो, हे मंगळवार-शनिवार खोडा."

"अगं, मृत्युपत्र आहे हे. यात खाडाखोड करत नाहीत."

"मग काय, गेल्यावरही तुम्हीच पाणी घालणार?"

साक्षीदार म्हणून बसलेले दावा मास्तर हसले. मग मीही हसलो, खोकला येईपर्यंत.

खाडाखोडीची नोंद: कलम चारमधील "दर मंगळवारी आणि शनिवारी" हे शब्द मी स्वतः खोडले आहेत. त्या जागी "कुंडी उचलून, निमकितला वाटेल तेव्हा" असे वाचावे. किल्ली आजच तिच्या हाती दिली.

सही: नोर्देन लेपचा
(खोडलेल्या जागीही सही केली आहे.)

आमच्या दोघांच्या समोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्या समोर आम्ही केली:
१. दावा रोंगाँग, निवृत्त शाळामास्तर
२. लीलावती राई, परिचारिका

कालिम्पोंग, २३ नोव्हेंबर २०२२, बुधवार. आज पाणी घातलेले नाही.