छपरातले तीन दिवस, आणि आणखी तीन

९ जानेवारी १९७१

कावळा शिवला! किती आनंद झाला म्हणून सांगू.

दुसऱ्या घरांतल्या सुना या दिवसांत खुरपायला तरी जातात. आमचा पानमळा. बाहेर बसलेली बाई मळ्यात शिरली की वेल करपतो, अशी मामंजींची खात्री. म्हणून मला चूल नाही, विहीर नाही, मळा नाही. गोठ्यालगतचं छप्पर, एक गोधडी — आणि गोधडीच्या घडीत इंग्रजीचं पुस्तक! सासूबाई लांबून भाकरी ठेवून जातात. पुस्तक त्यांना दिसत नाही.

मॅट्रिकला इंग्रजीनं दोनदा गाडलं मला. दिवाळीत मामंजी म्हणाले, "मार्चला शेवटचं. न्हाई झालं तर पुस्तकं चुलीत." ह्यांनी मान डोलावली. ह्यांची मान कुणापुढंही डोलते!

१० जानेवारी

गावच्या शाळेतल्या गहिनीनाथ गुरुजींनी दिलेल्या डिक्शनरीत आज 'सिक्लूड' सापडला. अर्थ : अलग ठेवणे, लोकांपासून दूर राखणे. म्हणजे मीच की! खाली वाक्य — राजाने राणीला किल्ल्यात सिक्लूड केले. त्याच्या खाली दुसरं — पुस्तक संपवण्यासाठी त्याने स्वतःला खोलीत सिक्लूड केले.

स्वतःला? असंही करता येतं? बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. गुरुजी म्हणतात, शब्द नुसता पाठ करू नको, वापर.

१२ जानेवारी

डोक्यावरून पाणी घेतलं. पुन्हा चूल. तीन दिवसांत चार धडे झाले. आता महिनाभरात एक झाला तरी नशीब.

२३ फेब्रुवारी

वापरला!

कावळा शिवला नाही. मी म्हणाले, शिवला. खरा शिवला होता पाच तारखेला, म्हणजे अठरा दिवसांत दुसऱ्यांदा. मामंजी गरजले, "म्हैन्यातनं दोनदा?" सासूबाई ताक घुसळत होत्या, तशाच म्हणाल्या, "बायांच्या गोष्टीत तुमी कशाला पडता? जा, वेलांना पानी द्या." मामंजी मळ्याकडं गेले.

किती भोळ्या सासूबाई! त्यांना फसवलं याचं वाईट वाटतंय. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नाही, परीक्षेला तीनच आठवडे.

२५ फेब्रुवारी

मेले!

चुलतसासू दगडाबाई शेण न्यायला आल्या आणि छपरामागून फिरून गेल्या. मग अंगणात मोठ्यानं, "केशरे, तुजी सून बाजूला हाय म्हनती, अन् मागं कुपाटीवर एक फडकं वाळत न्हाई?"

फडकी! ती धुऊन वाळत घालायची असतात, हे ध्यानातच नाही आलं! पन्नास इंग्रजी क्रियापदं तोंडपाठ, आणि हे विसरले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "धुईल की. तुला लई घाई?" पण दगडाबाई गप्प बसणारी बाई नव्हे. उद्या मामंजींच्या कानावर जाणार. पुस्तक छातीशी धरून रडले.

२६ फेब्रुवारी

सकाळी उठून बघते तर कुपाटीच्या काट्यांवर तीन फडकी! हिरवट रंगाची. माझी नव्हेत. गेल्या खेपेची तिथंच राहिली असतील — पण मग ओली कशी? दवानं भिजली असतील. असो. दगडाबाई आल्या, बघितलं, तोंड वाकडं करून गेल्या. देव पावला!

डोक्यावरून पाणी घेतलं. या तीन दिवसांत दोन धडे आणि एक पत्रलेखन.

१६ मार्च

श्रीगोंद्याला इंग्रजीचा पेपर. ह्यांनी सायकलवर सोडलं. वाटेत म्हणाले, "पुष्पे, घाबरू नकोस." घाबरून सायकल तेच डगमगवत होते!

निबंध — माझी आवडती जागा. शेजारच्या पोरीनं भंडारदरा लिहिलं. मी छप्पर लिहिलं. म्हशीचा वास, कुडातून येणारं ऊन, लांबून सरकवलेली भाकरी. आणि शेवटी ठोकलं — लोक मला तिथं सिक्लूड करतात, पण आता मी स्वतःलाही सिक्लूड करते! घंटा झाली तरी हात थांबेना.

९ जून

पास! पेपरात नंबर आला! ह्यांनी तीनदा वाचला, मी सात वेळा. पास!

मामंजी उठून मळ्यात गेले. तासाभरानं पानांची करंडी घेऊन आले आणि गावभर वाटत सुटले. "सून मॅट्रिक झाली आमची. घ्या, पान घ्या." दगडाबाईंना दोन जास्त दिली! माझी पुस्तकं त्यांनीच फळीवर रचली. वर म्हणाले, "गावात मास्तरीन पायजेच हाय. नगरला जाऊन पुढचं शीक." हसू का रडू कळेना. दोन्ही केलं.

११ जून

गोधडी शिवायची म्हणून सासूबाईंचं जुनं हिरवं लुगडं उलगडलं. पदराकडून फाडलेलं. तीन तुकडे गेलेले.

फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. चुलीपुढून मान वर न करता सासूबाई म्हणाल्या, "आगं, खोटं बोलायचं तर फडकी बी भिजवावी लागत्यात. येडी!"