अप्पांचा गॅस आणि क्लबातली हवा

१० जाने. ९९
सकाळी रेंजवर मरणाची थंडी. सगळे शॉट खाली. दुपारी ऊन तापलं तसे वर चढले. सर म्हणाले, "नेम नाही हलत तुझा, गॅस हलतोय." माझ्या रायफलीतल्या कार्बन डायऑक्साइडचं असंच. थंडीत मरगळतो, उन्हात उसळतो. क्लबात आता दाबाच्या हवेवरची रायफल आलीय. तिला थंडी-उन्हाचं फारसं काही नाही. सिलेक्शनआधी रायफल बदल, म्हणतात सर.
पण मग अप्पांचं काय?

२४ जाने.
गडहिंग्लजला गेलते. अप्पा आमच्या सोड्याच्या कारखान्यात माझ्या रायफलीची गॅसची नळी भरत बसलेले. आधी बर्फात गार करायची, मोठ्या सिलिंडरमधनं गॅस घ्यायचा, मग काट्यावर तोलायची. सोड्याच्या बाटल्या गडी भरतात. रायफलीची नळी फक्त अप्पा. दुसऱ्या कुणी हात लावला की खवळतात.
हवेचा विषय काढून बघितला. "हवा? हवा सायकलवालाबी भरतोय की! त्यात काय हाय?"
विषय सोडला, बर्फ फोडून दिला.

७ फेब्रु.
मॅच. ओल्या पोत्यात नळी गुंडाळून अप्पा स्वतः एस्टीनं आले. कंडक्टर म्हणे, "पावणं, पिशवीत काय हाय?" अप्पा म्हणाले, "लेकीचा दम हाय!" सगळी गाडी हसली.
मॅच संपली की नळीवर पंजा ठेवतात. गॅस खर्चला की ती गार पडते. "राबलीस पोरी." झालं. स्कोअर कधी विचारत नाहीत.

२१ मार्च
वाईट झालं. नळी जास्त भरली गेलेली. उन्हात दाब वाढून सेफ्टीची चकती फुटली. फाडकन आवाज, पांढरा धूर. कुणाला लागलं नाही, नशीब. सर भयंकर चिडले.
घरी फोन केला तर अव्वा रडायलाच लागली. आईला असं रडताना कधी ऐकलं नव्हतं. अप्पांना काट्यावरचे आकडे दिसत नाहीत. काचबिंदू. दिवाळीपासून. "तुला सांगू नको म्हणाले. भरू देणार न्हाईस म्हणून."
दहा मीटरवरचा ठिपका दिसतो मला. बापाचे डोळे दिसले नाहीत. लाज वाटली.

२८ मार्च
हवेवर सराव. सकाळी, दुपारी, शॉट एकाच जागी. इतकं सोपं असतं होय! आनंद व्हायला पाहिजे होता. अप्पांना सांगायला फोन उचलला, अव्वाची तब्येत विचारून ठेवला.

११ एप्रिल
सिलेक्शन. रेंजच्या पायरीवर बसून लिहितेय.
अप्पा आले, अव्वाचा हात धरून. काखेत ओलं पोतं. "ह्या वेळी गड्याकडनं तोलून घेतलीया. घोर करू नको." अप्पांनी दुसऱ्याला हात लावू दिला. माझ्यासाठी. मी नळी घेतली, बॅगेत ठेवली आणि हवेवर खेळले. चांगलं गेलं. शेवटी शेवटी तर प्रत्येक शॉटला दहाच.
बाहेर आले. अप्पा चाचपडत उठले. हवेच्या रायफलीची नळी शोधली, पंजा ठेवला. मग दुसराही हात ठेवला.
"गार न्हाय गं."
बॅगेतली भरलेली नळी काढून त्यांच्या हातात दिली. पलीकडं बाकावर बसून ती परत पोत्यात गुंडाळतायत. पोतं वाळलंय, तरी गुंडाळतायत.
निकाल लागायचाय अजून. अव्वा मला हातानं बोलावतेय. जाऊन बसते अप्पांच्या शेजारी. काय बोलायचं ते तिथं गेल्यावर बघू.