रिकाम्या डब्याचा अर्थ

रिसोड, रविवार

आदरणीय भिवाजीभाऊ यांस,

प्रसेनजितचा मानाचा जयभीम. वहिनीच्या पायाचं प्लास्टर कवा निघते थे कळवजा. आईचा खोकला आता कमी झाला असंन. मी इकडं बरा आहो. म्हंजे पोटानं बरा नाही, पन थे माह्या हातच्या सैपाकामुळं. तुमची बहीन रत्नमाला वहिनीच्या मदतीले केनवडले आली, त्याले आज पंचवीस दिवस झाले (मी काही मोजून नाही राह्यलो, कॅलेंडरच समोर टांगलं आहे).

भाऊ, तुमी सारे माह्यावर रागात आहा, असं जीपवाल्या गोविंदसिंगनं सांगतलं. म्हनून खरं काय झालं थे ऐकून घ्या. आमच्या इथल्या वाचनालयात दर मंगळवारी सरवरी मॅडम कथा वाचतात अन् तिच्यातला आतला अर्थ काढाले शिकवतात. बायको घरी नाही, टीव्ही बिघडलेला, मी जाऊन बसलो. पहिल्याच दिवशी कथेत एक तडा गेलेला माठ निघाला. मॅडम म्हने, हा नुसता माठ नाही, हे त्या म्हातारीचं मन आहे. मी इचारलं, मंग त्याच्यात पानी कायले भरून राह्यली? सारे हासले. मी वीस वर्षं बाजार समितीत कारकुनी केलेला मानूस, सोयाबीन दाताखाली धरून ओलावा सांगतो, अन् मले माठ कळत नाही? लय लागलं मनाले. तवाच ठरवलं, आता काहीच साधं सोडाचं नाही.

पंधरा दिवसांत मी असा तयार झालो का इचारू नका. ऑफिसातल्या बाबूलालनं छत्रीले ठिगळ लावलं, तर त्याले समजावून सांगतलं, का हे ठिगळ म्हंजे तुह्या संसारातली झाकलेली फाटाफूट. तो म्हने, छत्री उंदरानं कुरतडली. (उंदीर कायचं प्रतीक, थेही मी सांगनार होतो, पन तो उठून गेला. तवापासून चहा येकटाच पिऊन राह्यला.)

अशातच रत्नमालानं गोविंदसिंगच्या हाती मुगाच्या लाडवाचा डबा धाडला. लाडू दोन दिवसांत संपले (त्याहीचा अर्थ काढाले वेळच भेटला नाही). आता डबा परत धाडाचा. आपल्याकडं डबा रिकामा देत नाहीत, चिमूटभर साखर तरी टाकतात, हे मले काय मालूम नाही? पन मी म्हनलं, साखर तर कोनीबी टाकते. मी डबा घासला, पुसला अन् मुद्दाम रिकामा धाडला. रिकामा डबा म्हंजे तुह्याबिगर माह्यं घर. असं प्रतीक खुद्द मॅडमलेही सुचलं नसतं. संगं चिठ्ठी टाकली नाही, काहून का मॅडम म्हनतात, चांगल्या लेखकानं अर्थ सांगत बसू नये.

पुढचं तुमाले मालूमच आहे. आई, मावशी, शेजारच्या दोघीतिघी बसलेल्या, अन् रत्नमालानं त्याहीच्या समोर कौतुकानं झाकन उघडलं. आई म्हने, जावयाले चिमूटभर साखर जड झाली. रत्नमाला काहीच बोलली नाही, असं गोविंदसिंग सांगते. भाऊ, आईच्या बोलन्यापेक्षा मले हे जास्त लागलं. ती बोलत नाही तवा लय दुखलेली असते. हे कळाले मले कोन्या मॅडमची गरज नाही. मले तिची आठवन येते, एवढंच सांगाचं होतं. तेवढं तोंडानं सांगता आलं नाही अन् डब्याले कामाले लावलं. चूक माही आहे.

लहानमोठ्यांले जयभीम सांगजा.

तुमचा (अजूनही) जावई,
प्रसेनजित

ता. क. – गुरुवारी रत्नमालाची चिठ्ठी आली. त्यात येकच ओळ: ‘शनिवारी घ्यायले या.’ आता शनिवारच काहून? आठवड्याचा शेवट, म्हंजे रागाचा शेवट, का आपल्या दोघांचाच शेवट? शुक्रवारी बसून वहीत अडीच पानं लिहिली. शनिवारी सांजच्याले वही घेऊन मॅडमच्या घरी गेलो. त्याहीनं ती ओळ वाचली, माह्याकडं पाह्यलं अन् इचारलं, आज कोनता वार आहे?

ता. क. दुसरा – खरं काम हे आहे. पत्र गोविंदसिंगच्या हाती आत धाडून राह्यलो, पन मीबी त्याच्याच जीपीत आलो. तुमच्या दाराबाहेर जीपीतच बसून आहो, आत याची हिंमत होत नाही. रत्नमालाले जरा बाहेर धाडता का? अन् तिनं इचारलं, का जीपीत बसून राह्यला याचा अर्थ काय, तर सांगजा, घ्यायले आला.