मोकळी तार

प्रिय केशव यांस,

ओळख असूनही ज्या मुलीने तुमच्याशी कधी चार शब्द बोलण्याचे धैर्य केले नाही, तिने एकदम पत्र लिहावे हे आगाऊपणाचे आहे. त्याची क्षमा आधीच मागते. मायन्यात ‘केशवदादा’ लिहायला हवे होते, हेही जाणते. दोनदा नवा कागद घेतला, पण तो शब्द लेखणीतून उतरला नाही.

गिरिधरदादा शहागडजवळच्या अपघातात गेला, तेव्हा तुमची इलेक्ट्रिक गिटार आमच्याच घरी खुंटीवर होती. तुम्ही ती मागितली नाहीत आणि आम्हीही विषय काढला नाही. तुम्ही त्याला शिकवलेले ते इंग्रजी रॉक गाणे त्याने एकदा कॅसेटवर भरले होते. तो वाजवायचा तेव्हा “पत्रे ओढून राह्यला का रे?” म्हणून ओरडणारी आई पुढे रोज दुपारी तीच कॅसेट लावून बसू लागली. या संक्रांतीनंतर टेपरेकॉर्डरने फीत गिळली. ओढून काढताना तिचे तुकडे झाले. त्यानंतर आई जेवायलासुद्धा हाक मारल्याशिवाय उठेना.

मला ते गाणे पाठ होते. आजवर वर्गात पहिली आले ती पाठांतराच्याच बळावर. म्हणून गिटार खाली घेतली. पण कानांना पाठ असलेले बोटांना ठाऊक नसते. जाड तारा दाबताना बोटांच्या टोकांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. शेजारच्या उषाबाई आईला म्हणाल्या, “पोरगी पुस्तकं सोडून हे काय करून राह्यली?” गणेश मंडळाचे माइकवाले रामरावकाका यांच्याकडून गिटारचा आवाज मोठा करायचे मशीन आणले. आवाज पुरता चढवला की तो दादाच्या कॅसेटमधल्या आवाजासारखा फाटे, आणि काका धावत येत, “ताई, आवाज फाटून राह्यला, मशीन जळंल!” एकदा मी म्हणाले, “फाटू द्या, काका. तो फाटकाच पाहिजे.” एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात काही बोलले नव्हते.

चैत्रात परीक्षेसाठी जालन्याला गेले असता एका कॅसेटच्या दुकानात मूळ गाणे ऐकायला मिळाले, आणि मी दुकानातच ओशाळले. पहिली ओळ संपताना दादाचे बोट दर वेळी उशिरा पोहोचायचे आणि एक तार मोकळीच घुमायची. मला ती गाण्याचीच खूण वाटली होती. मी ती चूक अक्षरशः घोकून बसवली होती. घरी येऊन आठवडाभर खपून दुरुस्त केली. बिनचूक वाजवले त्या दिवशी आई चुलीपाशी होती. ऐकत राहिली आणि म्हणाली, “हे न्हाई. हे दुसऱ्याचं हाय.”

मग मी पुन्हा चुकायला शिकले. त्या जागी तार मोकळी घुमली, तसे आईने तोंडाला पदर लावला. त्या दिवशी ती आपण होऊन जेवायला बसली.

गेल्या सोमवारी तुमच्या लग्नाची पत्रिका आली. आई म्हणाली, “तुह्या केशवदादाचं लगीन जमलं गं.” मी म्हणाले, “माझा दादा एकच होता.” माझ्याकडे निरखून पाहत ती म्हणाली, “त्याची वस्तू त्याला देऊन टाक, बाई.” म्हणून मच्छिंद्रकाकांच्या जीपमधून गिटार पाठवीत आहे. आईसाठी नव्या कॅसेटवर मी गाणे भरून ठेवले आहे, चुकीसकट. लग्नाला मला येता येणार नाही. त्यांना ‘वहिनी’ म्हणायला मी शिकेन. तुमच्या या गाण्याहून ते अवघड नसावे. मागणे एकच. पुढे कधी हे गाणे वाजवाल, तेव्हा पहिल्या ओळीच्या शेवटी बोट जरा उशिरा ठेवा. ऐकणाऱ्यांना तुम्ही चुकलात असे वाटेल, वाटू द्या. आमच्या घरी ते गाणे तसेच आहे.

तुमच्या मित्राची बहीण, एवढीच,
तारा

घनसावंगी
गिटारच्या पिशवीत ठेवून रवाना : १८ मे १९९६, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे