वेलांटी आधी, अक्षर मागून

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय तुझ्या शेवटच्या वयाच्या किती तरी पुढं गेलं. आज तू दारात उभी राहिलीस तर लोक मलाच तुझी आई समजतील. तरी तुला लिहायचं म्हणून कागद पुढं ओढला आणि मनात आधी आली ती तू नाहीस, कासाराची पोरगी आली. तुझी आठवण काढायची म्हटली की ती मध्ये येऊन बसतेच. तू होतीस तेव्हाही बसायची.

परतूरला आपला वर्ग भरायचा तो आडत्याच्या कापसाच्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत. बाबा गेले तेव्हा तुझ्यापाशी काय होतं, तर वऱ्हाडातल्या माहेरी शिकलेली मराठी चौथी. इकडं निजामाच्या मुलुखात सरकारी शाळा उर्दूत चालायची आणि तिथंही मुली कुठल्या! आडत्याच्या बायकोच्या मनात आलं की आपल्या लेकींना निदान पोथी वाचता यावी. तिनं नवऱ्याकडं लकडा लावला, त्यानं खोली दिली, आणि तू आमची बाई झालीस. आमची म्हणते, कारण वर्गात मीही तुला बाईच म्हणायचं असा तुझा दंडक होता. उंबऱ्याच्या आत बाई, उंबऱ्याच्या बाहेर माय. गोदामातून कापसाचे तंतू उडत यायचे आणि आमच्या ओल्या पाट्यांना चिकटायचे. तू ते पदरानं पुसत फिरायचीस.

मला वाचायला तू कधी शिकवलंस, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं. तू शिकवलंच नाहीस. मोठ्या मुलींचा घोष चालायचा, मी तुझ्या मांडीला टेकून बसलेली असायचे, आणि त्यातच कधी तरी मला वाचता यायला लागलं. मी दुकानावरच्या पाट्या वाचून दाखवल्या तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, हिची काळजी मिटली. लोकांना ते कौतुक वाटलं. मलाही वाटलं. काळजी मिटली म्हणजे काय, ते कासाराची पोरगी वर्गात आल्यावर कळलं.

ती माझ्याच वयाची. बाप आठवडी बाजारात बांगड्या भरायचा. तिला अक्षरं दिसायची, पण जागेवर राहायची नाहीत. घ आणि ध तिला एकच. खण लिहिला तर ती रवण वाचायची, आणि खरं सांगायचं तर आपला तेव्हाचा ख तसाच दिसायचा. पण तिची खरी अडचण ऱ्हस्व वेलांटीची. ती अक्षराच्या आधी काढायची आणि मागून वाचायची, हे तिला बिलकुल पटायचं नाही. एकदा तिनं पाटी खाली ठेवून विचारलं, "बाई, जी आधी येऊन बसली तिला मागून का बोलवायचं?" बाकीच्या मुली हसल्या. तू हसली नाहीस. तू तिच्याजवळ जाऊन बसलीस आणि म्हणालीस, "तुझं बराबर हाय. मला कुणी असं विचारलंच न्हाई."

मी तुला असं काहीच विचारलं नव्हतं. मला अडलंच नव्हतं, तर विचारणार काय?

त्या दिवसापासून वर्गातला तुझा निम्मा वेळ तिचा झाला. तू तिला पाठमोरी बसवायचीस आणि तिच्या पाठीवर बोटानं अक्षर काढायचीस. ती डोळे मिटून ओळखायची. चुकली की तू तळहातानं पाठ पुसायचीस, पाटी पुसावी तशी, आणि पुन्हा काढायचीस. आपल्या घरी अंगाला हात लावून लाड करायची रीत नव्हती. न्हाऊमाखू घालतानाचा तुझा हात मला ठाऊक होता, तो कामाचा हात. तो दुसरा हात मी पहिल्यांदा पाहिला तो तिच्या पाठीवर. त्याच सुमारास तू माहेरून माझ्यासाठी गोष्टींचं पुस्तक आणलंस, चांगलं जाड, चित्रांचं. माझ्या हातात देऊन म्हणालीस, आता तू तुझी वाच. सगळ्या परतुरात कुठल्या मुलीकडं असं पुस्तक नव्हतं. मला मात्र वाटलं, हिनं मला पुस्तक देऊन वाटेला लावलं.

मग एक दिवस मी उभी राहून धडा वाचताना खण ऐवजी रवण वाचलं. पुढच्या ओळीत घर ऐवजी धर. मी तुझ्याकडं पाहत होते, की आता मला जवळ बोलावशील, पाठ फिरव म्हणशील. तू नुसती खाली बस म्हणालीस. वर्ग सुटल्यावर उंबरा ओलांडला, मी माय म्हणून हाक मारली, तेव्हा तू थांबलीस आणि आवाज न चढवता बोललीस, "येतं त्याला येत न्हाई म्हणू नको. ती पोरगी रोज खरं अडखळून राह्यली. तिच्या अडखळण्याची नक्कल करू नको." मी रडले. तुला वाटलं, मला चूक कळली. मला कळलं होतं ते एवढंच, की खोटं अडखळूनही तो हात मिळत नाही.

पुढं निजामाच्या तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब येणार अशी खबर आली. खाजगी मराठी वर्गाला सरकारची परवानगी लागायची, आणि आपली अडकून पडली होती. ती मिळाली नसती तर वर्ग बंद झाला असता. तू दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला गेली असतीस, आणि मला मामाकडं धाडायचं बोलणंही झालं होतं. आडत्यानं तुला सांगून ठेवलं, साहेबांपुढं तुमची पोरगीच उभी करा, ती पाण्यासारखी वाचते. मी वेणी घट्ट घालून घेतली. धडा मला पाठच होता.

साहेब शेरवानीतले, वयस्क, खुर्चीत बसूनही पाय दुखत असल्यासारखे. ते म्हणाले, कुणाचं तरी वाचन ऐकवा. मी अर्धी उठलेसुद्धा. आणि तू कासाराच्या पोरीला उभं केलंस. आडत्यानं कपाळाला हात लावलेला मला दिसला. तिनं वाचायला घेतलं, "चिमणी विहिरीवर बसली." ‘चि’पाशी थांबली. ‘वि’पाशी थांबली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. माय, मी मनात म्हणत होते की ही चुकू दे. मामाचं घर डोळ्यांपुढं असताना म्हणत होते. ती चुकली नाही. ओळ पुरी केली आणि दमून खाली पाहू लागली.

साहेबांनी तुला विचारलं, "इसी को क्यों खड़ा किया आपने?"

तू मोडक्यातोडक्या उर्दूत म्हणालीस, "सबसे मुश्किलसे यहीच सीखी, साहेब."

मग ते तिच्याकडं वळले आणि ती कुठं कुठं का थांबली, ते विचारलं. तिनं मराठीतच वेलांटीची तक्रार सांगितली, तू त्यांना ती समजावलीस, आणि ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, आमच्या लिपीत तर ती बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, पोरांनी अंदाजानं वाचायचं. तिला त्यांनी जवळ बोलावून शाबासकी दिली. महिना सरायच्या आत इजाजत आली.

त्या दिवशी घरी जाताना मी तुझा हात धरला नाही. तू माझ्या मनातलं ओळखून म्हणालीस, "तू वाचलं असतंस तर साहेबाला तू दिसली असतीस. शाळा दिसली नसती." आज मला या वाक्याचा अर्थ लागतो. तेव्हा एवढंच ऐकू आलं, की शाळा दिसायला ती हवी होती, मी नको होते.

माझं लग्न वडीगोद्रीला झालं, तिचं गावातच. रझाकारांच्या त्या साली रस्ते बंद पडले, वर्ग बंद पडला, आणि तू आजारी आहेस हे कळूनही मला कित्येक महिने येता आलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, छातीत दम. हिंदुस्थानचं लष्कर येऊन गेल्यावर मी पोचले, तर तुझ्या उशाशी ती. पेज तिनं केलेली, अंथरूण तिनं घातलेलं, आणि आपलं जुनं क्रमिक पुस्तक मांडीवर घेऊन ती तुला वाचून दाखवत होती. अजून तशीच, थांबत थांबत. मी हातपाय धुऊन आले आणि म्हणाले, आण इकडं, मी वाचते. तिनं लगेच पुस्तक पुढं केलं. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. तिलाच वाचू दे."

मी का म्हणून विचारलं. एवढ्या लांबून आले होते.

"तू वाचतीस तव्हा मला ऐकू येतं," तू म्हणालीस. "ती वाचती तव्हा मी बी वाचती. ती थांबली की पुढचं अक्षर मी लावती."

मी चुलीपाशी जाऊन बसले. तिथून दोघींचे आवाज येत होते, एक अडलेला, एक दमलेला, एकाच शब्दावर. पंधरवड्यात तू गेलीस. शेवटपर्यंत तीच वाचत होती.

नंतर मीही बाई झाले, खऱ्या सरकारी मराठी शाळेत. अडखळणारी मुलं मला आपसूक सापडायची. पाठीवर अक्षर काढायचं मी तुझ्यासारखंच केलं, आणि मुलं वाचायला लागायची. एकदा एका हुशार मुलीची आई शाळेत आली. तिची पोर घरी जाऊन रडली होती, बाई माझ्याकडं बघतच नाहीत म्हणून. मी त्या बाईला पाणी दिलं.

कासाराच्या पोरीला मी पुढं कधी वाईट बोलले नाही. सणाला जायचे, ती माझ्या हातात बांगड्या भरायची, तुझ्या गोष्टी सांगायची. त्यातल्या काही मला ठाऊक नसायच्या. त्या ऐकताना मी हातातल्या बांगड्या मोजत बसायचे.

गेल्या महिन्यात ती गेली. तिच्या सुनेचा फोन आला. हे लिहून झालं तरी कुठं धाडायचं नाही, म्हणून तुला सांगते. फोन ठेवला तेव्हा दुःखाच्या आधी माझ्या मनात आलं, की आता तुला आठवणारं दुसरं कुणी उरलं नाही, आता तू माझ्या एकटीची. मला हलकं वाटलं, माय. चहाचं आधण ठेवून मी तशीच उभी होते. ते उकळायला लागलं तेव्हा ध्यानात आलं, की ती तुझ्यापाशी माझ्या आधी पोचली.