दारातला दगड

प्रिय रेमेदियोस आत्या,

काल तू दीपगृहावरून खाली आमचे रोमन अवशेष बघायला आलीस. दमून एका दगडावर टेकलीस, तशी मी पहारेकऱ्याची शिट्टी फुंकली. "बाई, उठा! तिथं बसायचं नाही."

"अरे, दीपगृहाच्या दारात चाळीस वर्षं यावरच बसून मासे साफ केलेत मी," तू हसलीस. "कुण्या चुगलखोर मेल्यानं हा रोमन दगड आहे म्हणून सरकारला कळवून इथं आणवला, देव जाणे!"

पर्यटक बघत होते, म्हणून मी ओळख दाखवली नाही. तू उठलीस. जाताना तळलेल्या माशांचा डबा तेवढा माझ्या हातात ठेवलास.

आत्या, तो चुगलखोर मीच. त्या खबरीवरच ही नोकरी लागली.

मासे मी सगळे खाल्ले. रिकामा डबा घेऊन वर यायची हिंमत नाही; हे पत्रही त्यातच पडून राहील.

तुझा भाचा,
एउलोखियो